वर अडकणारा पिस्टन बिघडलेला नसतो
लहान मॉडेल विमानांच्या इंजिनात पिस्टन-सिलिंडरचा फिट कसा असतो, कसा टिकतो, कसा जातो

नवं कोरं ग्लो इंजिन (ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेने पेटणारं मॉडेल विमानाचं इंजिन) हातात घ्यावं आणि पंखा बोटांनी फिरवून बघावा. तळाशी तो लोण्यात सुरी फिरावी तसा फिरतो. पिस्टन माथ्याजवळ आला की मात्र करकचून अडकतो, आणि जोर लावला तर ‘चिर्र’ आवाज करत पलीकडे जातो. बेळगावात असं इंजिन पहिल्यांदाच हाती आलेल्या माणसाला एक साहजिक मोह होतो. उद्यमबागेत किंवा मच्छ्यात, इथल्या औद्योगिक भागांत, ओळखीचं मशीन शॉप असतंच. तिथले हात हायड्रॉलिक वाल्वचे स्पूल काही माइक्रॉनच्या फटीत बसवणारे. ते लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, काढून बोअर गेज लावतात आणि गेज सांगतं की बोअर (नळीचा आतला व्यास) खाली मोठा, वर लहान आहे. म्हणजे टेपर. चांगल्या मशिनिस्टच्या डोळ्याला टेपर हा दोषच दिसणार. होनिंग करून, म्हणजे आतून घासून, ते बोअर वरपासून खालपर्यंत सरळ करून देतात, काम अगदी नजर लागावी असं होतं, आणि इंजिन कायमचं वाया जातं.

तो टेपर कारखान्याने मुद्दाम दिलेला असतो. थंड इंजिनात दिसणारा फिट हा खरा फिट नव्हे. खरा फिट इंजिन तापल्यावर तयार होतो, आणि थंड असताना आपण बघतो ती त्याची पूर्वतयारी. एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचे सगळे नियम आपोआप कळत जातात. इंजिन कसं रुळवायचं, कधी गरम करायचं, थांबवताना पिस्टन कुठे ठेवायचा, सगळं त्यातूनच निघतं.

एवढी बारीक फट कशाला?

स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं, बोअर ५० मिलिमीटर. लहान मॉडेल इंजिनांत २.५ सीसीचा वर्ग जुना आणि प्रसिद्ध. त्यातलं एक नेहमीचं माप म्हणजे बोअर १५, स्ट्रोक १४ मिलिमीटर. गॅस गळते ती पिस्टनच्या परिघावरून. दुचाकीत परिघ सुमारे १५७ मिलिमीटर आणि तो ९७ सीसी गॅस सांभाळतो, म्हणजे दर सीसीमागे दीड मिलिमीटरच्या आसपास. मॉडेल इंजिनात परिघ ४७ मिलिमीटर आणि गॅस फक्त अडीच सीसी, म्हणजे दर सीसीमागे १९ मिलिमीटर. इंजिन लहान होतं तशी गॅस पटकन कमी होते, गळतीची वाट मात्र तेवढी कमी होत नाही. फट सारखीच ठेवली तर लहान इंजिनाला गळती बारापट जड जाते.

त्यात आणखी एक भर. अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट ५ माइक्रॉनची १० झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. माणसाचा केस साधारण ६० ते ८० माइक्रॉन जाड असतो. त्याच्या दहाव्या भागाएवढी झीज झाली की इंजिन हाताने सुरू होईनासं होतं, यात मग नवल वाटत नाही.

दुचाकीत ही अडचण रिंगा सोडवतात. लहान मॉडेल इंजिनांत बहुतेक वेळा रिंगच नसते. पिस्टन स्वतःच सील असतो, वर एरंडेलाचा पातळ थर, बस्स.

कोणत्या धातूची कोणाशी सोयरीक

सगळा खेळ धातू किती फुगतो याचा आहे. एक अंश सेल्सिअसने तापवलं तर दर मीटरला साध्या अॅल्युमिनियमचा बार सुमारे २३ माइक्रॉन फुगतो, पितळ १९ च्या आसपास, १७-१८ टक्के सिलिकॉन मिसळलेलं अॅल्युमिनियम १८ च्या आसपास, पोलाद ११-१२ आणि बिडाचं ओतीव लोखंड १०-११.

आता ‘४६’ आकाराचं इंजिन घेऊ. हा आकडा घन इंचाचे शंभरावे भाग सांगतो, आपल्या हिशेबाने ते साधारण साडेसात सीसीचं इंजिन. बोअर २२ मिलिमीटर धरा. लायनरचा माथा थंड अवस्थेपेक्षा १८० अंशांनी आणि तळ ८० अंशांनी तापला, असं समजू. इंजिनागणिक हे आकडे बदलतात, इथे ते फक्त हिशेबाला घेतले आहेत. पितळी लायनरचा बोअर माथ्याला ७५ माइक्रॉनने मोठा होईल, तळाला ३३ ने. म्हणजे थंड असताना तो अगदी सरळ असेल, तर गरम झाल्यावर वरच्या बाजूला ४० माइक्रॉनने कर्ण्यासारखा उघडेल. स्फोट होतो, दाब सर्वांत जास्त असतो, नेमका तिथेच पिस्टन सैल पडेल. उद्यमबागेत सरळ केलेल्या बोअरचं हेच होतं.

म्हणून थंड असताना लायनर वर अरुंद ठेवतात. चालू इंजिनात माथा जास्त फुगतो, टेपर निघून जातो आणि बोअर जवळजवळ सरळ होतो. माथ्याजवळच्या या अडकण्याला मॉडेलवाले ‘पिंच’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू, कारण ‘जाम’ म्हटलं की बिघाड डोळ्यांपुढे येतो.

पिस्टनकडेही त्याच हिशेबाने बघा. जास्त सिलिकॉनचं अॅल्युमिनियम त्याच १८० अंशांना ७१ माइक्रॉन फुगेल, बोअर ७५. दोघांची चाल जुळली. पिस्टन प्रत्यक्षात भिंतीपेक्षा थोडा जास्तच तापतो, म्हणूनच त्याला दर अंशाला कमी फुगणारा धातू दिलेला असतो. हाच पिस्टन बाजारात मिळणाऱ्या साध्या अॅल्युमिनियम बारमधून कातला तर ९१ माइक्रॉन फुगेल. बोअरपेक्षा १६ ने जास्त. असं इंजिन सुरू होतं, छान बोलतं, आणि मिनिटाभरात कडक होऊन थांबतं. टर्निंग कितीही देखणं असलं तरी. जुन्या दुचाकीच्या पिस्टनमधून लहान पिस्टन कातणारे हौशी लोक आहेत, आणि ती कल्पना वाईट नाही. त्या मिश्रधातूत सिलिकॉन असतंच, बहुधा १२ टक्क्यांच्या आसपास. पण ते १८ टक्केवाल्यापेक्षा थोडं जास्त फुगतं. फिट तेवढा मोकळा ठेवायला विसरू नये.

या सोयरिकींची नावं इंजिनाच्या डब्यावर तीन अक्षरांत असतात. एबीसी म्हणजे अॅल्युमिनियमचा पिस्टन, पितळी लायनर, आतून क्रोमचा मुलामा. एबीएन म्हणजे तेच, पण क्रोमऐवजी निकेल. एएसी म्हणजे पिस्टन आणि लायनर दोन्ही अॅल्युमिनियमचे, लायनरला आतून क्रोम. तिन्हींत पिंच असतो.

त्याआधीची पिढी म्हणजे पोलादी लायनरमध्ये लॅप करून, म्हणजे बारीक पेस्टने घासून मापाला आणून, बसवलेला बिडाचा पिस्टन. एनसीसीच्या हवाई शाखेत दोरीवर विमान फिरवणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा असेल, आणि बहुतेक मॉडेल डिझेल इंजिनंही अशीच. बीड आणि पोलाद जवळजवळ सारखेच फुगतात, म्हणून जोडी जमते. पिस्टन जड असतो, वेग कमी मिळतो, पण नीट रुळलेली अशी जोडी वर्षानुवर्षं चालते. आमचं मत विचाराल तर शिकणाऱ्याच्या हातात आधी हीच द्यावी. ती चुका पोटात घालते.

तिसरा प्रकार रिंगचा. पोलादी लायनर माथ्याला ४६ माइक्रॉनच फुगणार आणि अॅल्युमिनियमचा पिस्टन ७१, म्हणजे थंड असताना मुद्दाम मोठी फट ठेवावीच लागते. ती रिंग भरून काढते. रिंगच्या मागे गॅसचा दाब शिरतो आणि तिला भिंतीवर दाबून धरतो. या इंजिनात पिंच नसतो. पंखा माथ्यालाही गुळगुळीत जातो, फक्त कम्प्रेशनची उसळी लागते. म्हणून ‘पंखा सहज फिरतो, म्हणजे इंजिन झिजलंय’ असं रिंगवाल्या इंजिनाबद्दल म्हणता येत नाही. जुनं इंजिन घेताना आधी तीन अक्षरं वाचा, मग पंखा फिरवा.

मोजायचंच असेल तर

४० ते ४६ आकाराच्या एबीसी इंजिनाला एक साधी, गेजशिवायची परीक्षा आहे. लायनर आणि पिस्टन सुटे करून रॉकेलने स्वच्छ धुवा, कोरडे पुसा. पिस्टनला कनरॉड (पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणारा दांडा) न लावता खालून बोटाने हलकेच वर सरकवा. पिस्टन प्रत्यक्षात जिथपर्यंत चढतो त्या माथ्याच्या साधारण दोन-तीन मिलिमीटर आधी तो थांबायला हवा. अगदी वर जाऊन थांबत असेल तर पिंच संपत आला आहे. सरळ पार निघून गेला तर संपलेलाच आहे. बोटाने ढकलायचं, हातोडीच्या दांड्याने नाही. पिस्टनची कोणती बाजू एक्झॉस्टकडे आहे याची खूण मात्र सुटं करण्याआधीच करून ठेवा. रुळलेली जोडी उलट बसवली तर सगळं रुळणं पुन्हा पहिल्यापासून.

गेजने मोजणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये ३६ अंश असेल तर २२ मिलिमीटरचा पितळी बोअर त्यामुळेच जवळजवळ ७ माइक्रॉन मोठा दिसतो, आणि आपण शोधतोय तो फरकही तेवढाच आहे. शिवाय लायनर हातात धरून ठेवला तरी तो तापतो. दोन्ही भाग एकाच सरफेस प्लेटवर तासभर ठेवा, मग लागोपाठ मोजा. लायनरची भिंत पातळ असते, चकमध्ये घट्ट धरली तर बोअर तीन कोपऱ्यांचा होतो आणि सोडल्यावर परत वेगळाच भरतो. तीन दिशांनी मोजल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये.

बिडाची जोडी लॅप करणाऱ्यांची एक चूक तर ठरलेलीच असते. पेस्ट लावून पिस्टन त्याच्याच लायनरमध्ये घासायचा. वाल्व सीट अशी बसवतात, म्हणून हेही चालेल असं वाटतं. पण पिस्टन आत-बाहेर होताना पेस्ट दोन्ही तोंडांशी जास्त घासते, बोअर तोंडाला रुंदावतो, आणि दाणे धातूत रुतून बसतात ते नंतरही घासतच राहतात. लायनरसाठी पितळ किंवा अॅल्युमिनियमचा फुगवता येणारा वेगळा लॅप हवा, आणि पिस्टनसाठी बाहेरून कवटाळणारी चिरलेली कडी. दोन्ही भाग वेगवेगळे शेवटच्या मापापर्यंत आणायचे. शेवटी साबणाच्या गरम पाण्याने ब्रश घालून धुवायचं. पांढऱ्या कापडावर करडा डाग येईनासा होईपर्यंत.

क्रोम किंवा निकेलच्या लायनरला मात्र घरी हात लावू नये. मुलामा पातळ असतो. तो फाटला की खाली मऊ पितळ. पिंच संपलेला लायनर वरच्या बाजूने टेपर कॉलेटमध्ये दाबून पुन्हा अरुंद करण्याची युक्ती काही जण वापरतात. ती चालते, पण थोडेच दिवस. धातू हळूहळू मूळ मापाकडे परततो.

रुळवणं: जुना सल्ला कुठे चुकतो

‘नवं इंजिन आहे, भरपूर रिच ठेव, थंड चालव, दोन-चार टाक्या जाळ’ हा सल्ला पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे आणि बिडाच्या पिस्टनसाठी तो बरोबर आहे. रिच म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. बिडाच्या जोडीला इंधनात पंचवीस टक्क्यांच्या आसपास एरंडेल, इंधन कमी-जास्त करणारी सुई मोकळी, आणि सगळं मिळून अर्धा ते एक तास थांबत-थांबत चालवणं. लोखंडाचा पृष्ठभाग त्यात हळूहळू गुळगुळीत आणि टणक होतो.

एबीसीला हाच सल्ला मारक. फार रिच म्हणजे इंजिन थंड, थंड म्हणजे टेपर शाबूत, आणि टेपर शाबूत म्हणजे मिनिटाला हजारो वेळा पिस्टन त्या अरुंद जागेत ठोकला जातो. पिंच घासून जातो, आणि प्रत्येक वेळी कनरॉडच्या दोन्ही टोकांना ओढ बसून भोकं लांबट होतात. रुळवतोय असं वाटत असतं, आणि इंजिन झिजत असतं.

एबीसीचं रुळवणं असं. साधारण ५ टक्के नायट्रोमिथेन, १८ ते २० टक्के तेल, त्यातला काही भाग तरी एरंडेल, बाकी मिथेनॉल. मिथेनॉल विषारी असतं, त्याच्या विक्रीवर आणि साठ्यावर नियंत्रण आहे. परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावं, कातडीला आणि डोळ्यांना लागू देऊ नये, आणि पाण्यासारखं दिसतं म्हणून बाटलीवर ठळक चिठ्ठी लावावी. ४६ ला नेहमी ११ बाय ६ पंखा (इंचांत व्यास आणि एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर) लावत असाल तर रुळवताना ११ बाय ५ किंवा १० बाय ६ लावा. ओझं कमी, वेग लवकर.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी हेअर ड्रायर किंवा हीट गनने हेड आणि सिलिंडर तापवा, हात ठेवता येणार नाही इतकं. मग लगेच पंखा फिरवा. ‘लगेच’ला अर्थ आहे. गरम हवेने लायनर आधी तापतो, पिस्टन मागाहून. तेवढ्या वेळात लायनर ६० अंशांनी पुढे असेल तर बोअर २५ माइक्रॉनने मोकळा झालेला असतो. पाच मिनिटं गप्पा मारत बसलात तर पिस्टनही तापतो, आणि फायदा जवळजवळ संपतो. डिसेंबरच्या पहाटे इंजिन जास्त घट्ट वाटतं, त्यात मात्र धातूचा दोष फारसा नाही. पिस्टन आणि लायनर दोघंही सारखेच थंड असतात. घट्ट झालेलं असतं ते एरंडेल.

इंजिन सुरू झालं की काही सेकंद रिच, मग सुई थोडी आत. आवाज ऐका. टू-स्ट्रोक इंजिन फार रिच असेल तर एक फेरा सोडून पेटतं आणि जाडाभरडा, फोर-स्ट्रोकसारखा आवाज काढतं. सुई आत घेतली की एकदम बारीक, सलग आवाज येतो. या दोहोंच्या सीमेवर, आवाज इकडून तिकडे उड्या मारत राहील असं इंजिन ठेवायचं. दोन-तीन मिनिटं चालवायचं, बंद करायचं, आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. असं आठ-दहा वेळा. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत पाच-दहा सेकंद सुई आत घेऊन पूर्ण वेग, परत बाहेर. तापणं आणि गार होणं यातच खरं काम होतं. म्हणून टाकी न संपवता थांबणं महत्त्वाचं, आणि नेमकं तेच सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं.

रिंगवालं इंजिन वेगळं. ते रिच चालवलं तरी बिघडत नाही, आणि रिंग भिंतीवर बसायला काही टाक्या लागतात. सुरुवातीचे दिवस कम्प्रेशन कमी वाटलं म्हणून उघडून बघायची घाई नको.

गार होताना पिस्टन माथ्याला सोडू नका. गरम असताना तिथे सैल असतो, लायनर आकसला की बूच बसावं तसा बसतो. इंजिन थांबलं की पंखा अर्धा फेरा फिरवून पिस्टन तळाशी आणा. बसलाच, तर पंख्यावर पाना लावून मुरगाळू नका, त्यात कनरॉड वाकतो. हेड तापवा आणि हलक्या हाताने मागे फिरवा. इलेक्ट्रिक स्टार्टर तर अशा वेळी लांबच बरा.

इंजिन काय सांगतं

पिंच गेलेल्या एबीसीचं लक्षण फसवं असतं. सकाळी थंड असताना झटक्यात सुरू होतं. एक उड्डाण करून उतरलं की गरम अवस्थेत कितीही फिरवलं तरी पेटत नाही. हवेत असताना पहिल्या मिनिटाला जोरात, मग वेग हळूहळू बसत जातो, आणि सुई रोज नवी जागा मागते. कारण तेच. थंड असताना उरलासुरला पिंच सील करतो, गरम झाला की बोअर पिस्टनपेक्षा मोठा. म्हणून कम्प्रेशनची परीक्षा नेहमी गरम इंजिनावर करा. आधी ग्लो प्लगची बॅटरी काढा, जाड हातमोजा घाला, पंखा कम्प्रेशनवर दाबून धरा आणि ऐका. एक्झॉस्टमधून ‘स्स्स’ आला तर पिस्टन. हेडच्या कडेला किंवा प्लगच्या बुडाशी तेलाचा थेंब सोडून बुडबुडे आले तर गळती तिथे, पिस्टन निर्दोष. मागच्या झाकणाचं गॅस्केट किंवा जुना प्लगही जवळपास हेच नाटक करतात, आणि ते बदलायला लायनरच्या तुलनेत काहीच खर्च येत नाही. आधी ते.

उलट, जुनं इंजिन अचानक घट्ट झालं तर आनंद मानू नका. एरंडेल जळून लायनरच्या वरच्या भागात तपकिरी, वार्निशसारखा थर चढतो आणि खोटा पिंच तयार होतो. पॉलिश पेपर त्याला लावायचा नाही. प्लग, बेअरिंगा आणि रबरी भाग काढून उरलेले धातूचे भाग गाडीच्या कूलंटमध्ये मंद आचेवर काही तास ठेवले की थर मऊ पडून निघतो. कूलंटमधला ग्लायकोल विषारी, त्यामुळे ते भांडं परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. हे काम बाहेर, उघड्यावर.

पिस्टनवर उभ्या ओरखड्यांची रांग असेल तर ती धूळ. आपल्या भागात याला पर्याय नाही असं वाटतं. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र, त्यामुळे त्या बाजूला परवानगीशिवाय मॉडेल उडवता येत नाही, आणि माळ शोधत निघालं की दक्षिणेला खानापूरकडची तांबडी जांभ्याची माती, पूर्वेला बैलहोंगलकडची काळी. दोन्ही उडतात. बहुतेक मॉडेल इंजिनांच्या तोंडाशी फिल्टर नसतो, आणि जमिनीवर उभ्या विमानाचा पंखा धूळ थेट व्हेंच्युरीकडे ओढतो. इंजिन सुरू करायचं ते ताडपत्रीवर किंवा उंच स्टँडवर. सुई लावेपर्यंत विमान खाली ठेवायचं नाही. इंधनाची बाटली उघडी ठेवायची नाही आणि टाकीच्या नळीवर गाळणी हवी. रनवेसाठी मातीवर पाणी शिंपडणं हा साधा उपाय, पण सर्वांत उपयोगी.

एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला मुलाम्याचे पापुद्रे निघत असतील किंवा पिस्टनवरचं अॅल्युमिनियम भिंतीला माखलेलं दिसत असेल, तर इंजिन लीन चाललं आहे. लीन म्हणजे इंधन कमी, आणि इंधनाबरोबर तेलही कमी, कारण तेल त्यातूनच येतं. उष्णता वाढते, पिस्टन फुगतो, थर फाटतो. इथे घाटाखालचा-घाटावरचा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, हवा किनाऱ्यापेक्षा सात टक्क्यांच्या आसपास विरळ. इथे नेमकी लावलेली सुई तशीच ठेवून चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात, तर तिथल्या दाट हवेला तेच इंधन कमी पडतं. इंजिन लीन होतं. किनाऱ्यावर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे सुई थोडी बाहेर. उलट घाट चढून आलेल्याचं इंजिन इथे फक्त जड बोलतं, नुकसान होत नाही.

कनरॉड वाकण्याचं मोठं कारण पिंच नसून पूर आहे. उलटं बसवलेलं इंजिन, टाकी वर, नळी उघडी राहिली की सिलिंडर इंधनाने भरतो. द्रव दाबला जात नाही, आणि स्टार्टरला थांबणं माहीत नसतं. प्लग काढून पंखा चार वेळा फिरवा, इंधन उडून जाईल, मग स्टार्टर.

पावसाळ्यात आपल्याकडे महिनोन्‌महिने विमान खुंटीलाच असतं. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे टाकीत आणि इंजिनात शिल्लक राहिलेलं इंधन गंजाला आमंत्रणच. क्रोमच्या लायनरला फारसं काही होत नाही, बेअरिंगा आणि क्रँकशाफ्ट मात्र जातात, आणि बिडाचा पिस्टन असेल तर तोही लायनरला धरून बसतो. हंगामाच्या शेवटच्या दिवशी टाकी रिकामी करून, इंजिनात इंधन संपेपर्यंत ते चालवायचं. गरम असतानाच प्लगच्या भोकातून आणि व्हेंच्युरीतून हलक्या यंत्रतेलाचे सात-आठ थेंब सोडायचे, पंखा दहा-बारा फेरे फिरवायचा आणि एक्झॉस्टला कापडाचा बोळा लावायचा. पिस्टन तळाशी. ऑक्टोबरात काढाल तेव्हा बोळा आधी काढा, हेड तापवा, आणि मगच पंख्याला हात लावा.